डाव्या तोंडाची कणीक

मी एक जुना पखवाज आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे. म्हातारी वाद्यं गोड बोलतात असं तुम्ही ऐकलं असेल. माझ्याकडून आज ते होणार नाही. दोन वर्षं ज्याचं तोंड बंद ठेवलं, तो तोंड उघडल्यावर आधी ओरडणारच.

धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका खैराच्या खोडातून माझा जन्म झाला. बाहत्तरचा दुष्काळ होता. माणसं खडी फोडायला जात आणि सुकडी खाऊन दिवस काढत. त्या दुष्काळात गावाला दोन गोष्टी सुचल्या. एक, सगळ्यांनी मिळून दूध संस्था काढायची. दुसरी, सगळ्यांनी मिळून देवळात कीर्तनासाठी पखवाज आणायचा. पोटाला एक आणि जिवाला एक. तात्याबा नावाचा भजनी गडी बीडला गेला, कारागिराच्या दारात बसून राहिला आणि मला घडवूनच परतला. दुधाचे पहिले रिकामे कॅन आणि मी एकाच बैलगाडीतून गावात शिरलो. म्हणून सांगतो, मी कुणा एकाचा नाही. मी गावाचा आहे.

मला दोन तोंडं आहेत. उजव्या तोंडावर काळी शाई कायमची बसवलेली असते. डावं तोंड मात्र उघडं. वाजवायच्या आधी तिथे ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा कुठे माझा आवाज खाली, पोटात उतरतो. कणीक नसेल तर मी नुसतं लाकूड आणि कातडं.

त्या साली गव्हाचं पीठ कुणाच्या घरात असणार? लोक रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होते. तेव्हा आश्रुबाची नवी नवरी भिवराबाई माहेरून आणलेलं मूठभर पीठ मळून देवळात घेऊन आली. एक म्हातारी म्हणाली, "अगं पोरी, माणसाला न्हाई अन् ढोलाला कणीक?" भिवराबाई म्हणाली, "त्यो बी उपाशीच हाय की आजी. घास खाल्ल्याबिगर कसा बोलंल?"

देवळात हशा पिकला आणि त्या दिवसापासून रीत पडली. पखवाजाची कणीक आश्रुबाच्या घरची. वाजवणारा तात्याबा, त्याच्या मागे त्याचा मुलगा रामकिसन. टाळ आश्रुबाचे. कीर्तन संपलं की कणीक खरवडून आश्रुबाच्या म्हशीला घालायची, म्हशीचं दूध संस्थेत जायचं. कितीतरी वर्षं हे चाक असंच फिरलं. बुवा निरूपणात रंगले, सगळं देऊळ उभं राहिलं आणि आश्रुबाचा टाळ माझ्या बोलावर येऊन पडला, की रामकिसन त्याच्याकडे बघून नुसती मान हलवायचा. त्या दोघांना बोलायची गरज नसायची. त्यांच्या वतीने मी बोलायचो.

मग मोडलं. कशावरून मोडलं ते ऐका, आणि तुम्हीही चिडा.

पुन्हा मोठा दुष्काळ पडला होता. चारा छावणीत जनावरांना उसाचे वाढे, म्हणजे नुसते हिरवे शेंडे, मिळत. रामकिसन तोवर दूध संस्थेचा सचिव झाला होता. एका सकाळी दुधाचा दाटपणा मोजायच्या काचेच्या नळीवर आश्रुबाच्या दुधाची डिग्री भरेना. रांग लागलेली. रामकिसन सगळ्यांसमोर म्हणाला, "आश्रुबा, पाणी घालून आणलंस का?"

आश्रुबा म्हणाला, "टँकर चार चार दिस येत न्हाई, रामकिसन. प्यायला पाणी न्हाई, दुधात घालायला कुठून आणू बे?"

रांग खदखदून हसली. हसू आश्रुबाच्या बाजूचं होतं, आणि तेच रामकिसनला झोंबलं. त्याने कॅन मागे ढकलला. "ह्ये दूध संस्था घेत न्हाई. खोटं हाय."

आश्रुबाने कॅन उचलला, दारात नेला आणि भेगाळलेल्या जमिनीवर पालथा केला. दूध जमिनीने क्षणात पिऊन टाकलं. आश्रुबा म्हणाला, "माझ्या घरचं दूध खोटं, तर माझ्या घरची कणीक बी खोटी."

एवढंच. रामकिसनने मला देवळातून घरी आणलं आणि खुंटीला टांगलं. दुसऱ्या घरची कणीक लावली असती तर मी वाजलो असतो, पण त्यालाही ताठा. "त्या घरची कणीक येईल तवाच वाजवीन," म्हणाला. एकादशीला देवळात भोंग्यावर कुणाचं तरी ध्वनिमुद्रित भजन लागू लागलं. संस्था दोघांच्या बापांनी एकत्र काढलेली, देऊळ एकत्र सारवलेलं, आणि पोरं एका वाक्यावर फुटली.

त्याच साली भिवराबाई गेली. तिला नेताना माझ्या खिडकीखालून नेलं. पुढे टाळ वाजत होते, एकटेच, उपाशी पोराच्या रडण्यासारखे. रामकिसन पोचवायला गेला, पण दूर बांधावर उभा राहिला. आश्रुबाला एक शब्द बोलला नाही. मला खाली काढलं नाही. जिने मला पहिला घास भरवला, ती माझ्या आवाजाशिवाय गेली. हे मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

आता मोबाइलकडे येतो. तुम्हाला वाटेल, म्हातारा आता यंत्राला शिव्या देणार. नाही. यंत्राने काही केलं नाही. जे केलं ते माणसांनी.

एका बुवांचं कीर्तन रोज दुपारी मोबाइलवर थेट दिसायचं. रामकिसन संस्थेतून आला की जेवून माझ्या खुंटीखाली बसायचा आणि ते लावायचा. खाली हजारो लोक लिहीत: धन्य माउली, रामकृष्णहरी. तिथली एक रीत आहे. कुणी स्वतःचं नाव लावत नाही. अहंकार नको म्हणून कुणी 'संतसेवक' होतं, कुणी 'पायाची वीट'. स्वतःच्या फोटोऐवजी देवाचा. आणि नाव, गाव, जात कुणी कुणाला विचारत नाही, सगळेच माउली. रीत चांगली आहे. पण एवढा नम्रपणा घेतला की समोर कोण आहे तेही पुसून जातं.

रामकिसन झाला 'दासानुदास', फोटोत तुळस. एकदा त्याने बुवांच्या निरूपणावर दोन ओळी लिहिल्या. त्यावर 'चरणरज' नावाच्या कुणीतरी उत्तर दिलं. त्याच्या फोटोत विटेवरची पावलं होती. मग दोघांचं वेगळं, खाजगी लिहिणं सुरू झालं. रामकिसन पोथी वाचावी तसं सगळं मोठ्याने वाचायचा, म्हणून मला एकेक अक्षर ऐकू यायचं.

आणि भाषा तरी काय! गावात ज्याच्या प्रत्येक वाक्याला 'बे' लागतो, तो तिथे लिहायचा, "माउली, आपली प्रकृती कशी आहे?" तिकडून यायचं, "आपल्या चौकशीने बरे वाटले." कीर्तनात ऐकून ऐकून जी चांगली भाषा दोघांच्या पोटात साठली होती, ती तिथे बाहेर पडत होती. तिथे चेहरा पडत नाही, आवाज चढत नाही. रागाने लिहिलेलं पाठवण्याआधी पुसता येतं. शिवाय समोरच्याचं तोंड दिसत नसलं, की माणूस तिथे स्वतःच्या आवडीचं तोंड बसवतो. रामकिसनने चरणरजाला गोरं, शांत, पांढऱ्या दाढीचं तोंड दिलं होतं. बायकोला, केसरबाईला, सांगायचा, "साधू माणूस हाय. वाणीच सांगती."

एके दिवशी दासानुदासाने विचारलं, आपल्या गावी पखवाज आहे का? उत्तर आलं, आणि रामकिसनने ते वाचलं: "होता. पण तो एका अहंकारी माणसाच्या घरी आहे. त्याने खुंटीला टांगून ठेवला आहे."

रामकिसन चुकचुकला. माझ्याकडे बघून. "अरेरे! कसा माणूस असंल बघ!"

मी खुंटीवर होतो, मित्रांनो. त्याच्या डोक्यापासून हातभर वर.

त्याने लिहिलं, "आमच्याही गावी एक आडमुठा आहे. घासभर कणकेसाठी देवाची सेवा अडवून बसला आहे." तिकडून आलं, "अशा माणसाचा धिक्कार असो."

मला त्याच क्षणी कळलं. विटेवरच्या पावलांमागे कोण बसलंय ते कळलं. आश्रुबाचा मुलगा ऊसतोडीला कर्नाटकात गेला होता, जाताना बापाला मोबाइल देऊन गेला होता, हे केसरबाई बोलली होती. समोरच्या ओट्यावर, आमच्या दारापासून गल्लीएवढ्या अंतरावर, तो म्हातारा एका बोटाने अक्षरं टोचत बसायचा. मला सगळं दिसत होतं. ओरडावंसं वाटत होतं. पण माझं तोंड त्या दोघांनीच बंद केलेलं.

पुढे ते दोघे खोल गेले. चरणरजाने लिहिलं, "घरातली लक्ष्मी गेली तेव्हापासून तिच्या परातीत हात घालवत नाही. कडेला तिच्या हातचं पीठ वाळलेलं आहे. ते मी पुसलेलं नाही." रामकिसन वाचता वाचता थांबला. धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागला.

केसरबाई धान्य निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "समोर भिवराबाय गेली तवा एक टिपूस गाळलं न्हाई तुमी. अन् ह्या काचंतल्या माणसासाठी रडताव?"

"तुला न्हाई कळायचं. ह्यो सच्चा माणूस हाय."

"अन् आश्रुबा दादा काय पेंढ्याचं हायेत का?"

रामकिसनने मोबाइल पुन्हा उचलला. मग त्याने लिहिलं, "माउली, मी एका सज्जनाचा चारचौघांत अपमान केला आहे. चूक माझी होती. पण बोलायला जीभ रेटत नाही." तिकडे एक बोट अक्षरं टोचत राहिलं. मग आलं, "त्याच्या दारी जा. तो वाट बघत असेल."

रामकिसन उठला. पायात चपला घातल्या. उंबऱ्यापर्यंत गेला. समोर आश्रुबा ओट्यावर मान खाली घालून बसला होता. त्याचं तोंड दिसलं, तेच जुनं, उन्हाने रापलेलं, हट्टी तोंड. रामकिसनने चपला काढल्या आणि परत येऊन बसला.

माझा राग इथे आहे. लोक म्हणतात मोबाइलवरचं सगळं खोटं असतं. खोटं असतं तर मी इतका चिडलो नसतो. ते रडणं खरं होतं, तो सल्लाही खरा होता. एवढा चांगुलपणा दोघांच्या अंगात होता, आणि तो गल्ली ओलांडायला तयार नव्हता! तोंड दिसलं की जुना हिशेब आठवतो, तोंड लपलं की माणूस संत होतो. असल्या संतपणाला मी काय करू?

आणि मग रामकिसनच्या अंगात औदार्य आलं. लिहिलं, "आमच्याकडे पखवाज पडून आहे. इथे त्याची कदर नाही. मी तो तुम्हाला अर्पण करतो. तुमच्या गावी वाजू द्या." बुवा नांदूरघाटच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन करणार होते. तिथे मंडपाच्या डाव्या अंगाला, पाण्याच्या टाकीजवळ भेटायचं ठरलं. चरणरजाने लिहिलं, "मी कणीक मळून आणतो. तुमच्यासाठी त्या परातीत हात घालीन."

केसरबाई कडाडली. "पखवाज गावाचा हाय! तुमच्या बापानं एकट्यानं न्हाई आणला. कुणाला इचारून देताव?"

"गाव राहिलंय कुठं?" रामकिसन म्हणाला. त्याने मला गोधडीत गुंडाळलं. तिने गाठ मारून दिली नाही, तेव्हा त्याने स्वतः मारली.

सकाळच्या बसला गर्दी होती. एका बाकावर आश्रुबा आधीच बसलेला, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. शेजारची तेवढीच जागा रिकामी. रामकिसन दांड्याला धरून उभा राहिला. कंडक्टर खेकसला, "बाबा, ते ढोलकं घ्या मांडीवर अन् बसा गपगुमान."

ढोलकं! चालू द्या. बसला. मी दोघांच्या मध्ये. एक या खिडकीकडे बघतोय, एक पुढच्या माणसाच्या टोपीकडे. माझ्या डाव्या अंगाला तो डबा टेकला होता. गोधडीतूनही मला ओल्या कणकेचा गारवा लागत होता. दोन वर्षांनी. बस आदळत होती आणि दर आदळण्याला मी त्या डब्याला धडकत होतो. ऐकू येतंय का रे तुम्हाला? येत नव्हतं.

रामकिसनने अंगठ्याने लिहिलं, "निघालो, माउली." बसच्या खडखडाटात पलीकडच्या खिशात टिंग झालं. आश्रुबाने पाठ फिरवून वाचलं, हसला आणि टोचत टोचत उत्तर दिलं. इकडे टिंग. रामकिसनही हसला. मांडीला मांडी लागलेली, आणि हसणं पाठीला पाठ लावून. केजला गाडी बदलली, तिथेही दोघे दोन पिंपळांखाली उभे राहिले.

नांदूरघाटला बुवांचा पहिला आलाप कानावर आला आणि माझ्या कातडी वाद्या आपोआप ताणल्या गेल्या. रामकिसन मला घेऊन टाकीजवळ गेला. तिथे आश्रुबा.

"तू हितं बी?" रामकिसन म्हणाला.

"टाकी तुझ्या नावची हाय का?"

"मला पाव्हण्याला भेटायचंय. जरा बाजूला हो."

"मला बी भेटायचंय. तूच हो."

रामकिसनने तोंड फिरवून लिहिलं, "पोचलो. आपण कुठे?" पाठीमागे, हातभर अंतरावर, टिंग झालं. इथे बस नव्हती, खडखडाट नव्हता. रामकिसन वळला. आश्रुबाच्या हातातल्या काचेवर तुळस उजळली होती. आश्रुबाची नजर तुळशीवरून रामकिसनच्या अंगठ्यावर गेली, अंगठ्यावरून गोधडीवर.

"चरणरज?" रामकिसन म्हणाला.

"दासानुदास?"

तुम्हाला वाटेल, गळ्यात पडले. कुठले!

"अहंकारी म्हणलास बे मला!"

"अन् मी आडमुठा का? लोकापुढं चुगल्या करतोस माझ्या?"

"कुणाच्या पुढं? तुझ्याच पुढं केल्या की!"

मंडपातून कुणीतरी म्हणालं, "ओ बाबा, कीर्तन चालू हाय." पण आश्रुबाला काही ऐकू येत नव्हतं. त्याचा आवाज फाटला. "मला एक माणूस भेटला होता रे. साऱ्या दुनियेत एक. भिवराचं त्याला सांगितलं, पोटच्या पोराला सांगितलं न्हाई. अन् त्यो तू निघालास? तू मारलंस माझ्या माणसाला!"

त्याने डब्याचं झाकण उपटलं. आत गोळा होता, ओल्या फडक्यात, भिवराबाई ठेवायची तसा. त्याने डबा पालथा करायला हात उचलला, त्या दिवशी कॅन उचलला होता तस्साच.

रामकिसनने त्याचं मनगट धरलं. मी त्याच्या काखेतून निसटून जमिनीवर आदळलो, पण त्याने मनगट सोडलं नाही.

"सांडू नको," तो म्हणाला. "दूध सांडलंस, ह्ये नको. खोटं नव्हतं तुझं दूध. वाढ्यावरच्या म्हशीचं पातळच येतंय. मला त्या दिशी बी ठावं होतं. लोक हसले, म्हणून बोललो."

"हे मला कावून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की. त्याला सांगितलं."

"त्यो गेला आता," आश्रुबा म्हणाला.

त्याने डब्याला झाकण लावलं. मला मात्र त्यानेच उचललं, माती झटकली आणि रामकिसनच्या हातात दिलं. काल्याचा प्रसाद न घेता दोघे परतले. बसमध्ये जागा पुष्कळ होती. एक पुढे बसला, एक मागे. ती कणीक वाटेतच वाळली. मी पुन्हा खुंटीला.

मोबाइल दोन्ही घरांत मुके झाले. रामकिसन कीर्तन लावायचा आणि मध्येच बंद करायचा. केसरबाई एकदा म्हणाली, "रडायचा तरी होता, आता तेवढं बी न्हाई."

मग एकादशी आली. दुपारी रामकिसनने काही न बोलता मला खाली काढलं. पुसलं. सैल पडलेल्या वाद्या ओढल्या. हातोडी घेऊन बसला, आणि बसूनच राहिला.

टिंग.

त्याने वाचलं, सवयीने मोठ्याने: "माउली, कणीक आणू का?" वर विटेवरची पावलं.

केसरबाईने दारातून डोकावलं. समोर ओट्यावर आश्रुबा बसला होता. मांडीवर परात, एका हातात मोबाइल, दुसरा हात कोपरापर्यंत पिठाने भरलेला. इतक्या जवळ, की ही शिंकली असती तर तो दचकला असता.

रामकिसनचा अंगठा अक्षरांकडे गेला. रा, म. माझा जीव कातड्याशी आला. लिहू नको, मूर्खा! लिहिलंस तर ते दोघे साधू पुन्हा काचेत जाऊन बसतील आणि मी पुन्हा खुंटीला! ऊठ!

तो उठला. मोबाइल धान्याच्या सुपात टाकला, अनवाणीच उंबऱ्यावर गेला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "आण की बे! का येऊन उचलू तुला परातीसकट?"

"वरडतोस कशाला?" समोरून आलं. "बहिरा हाय का मी?"

आश्रुबा गल्ली ओलांडून आला. गोळा माझ्या डाव्या तोंडावर थापला गेला, आणि लगेच दोघे भांडू लागले. कणीक जास्त झाली. कमीच हाय. तुला कळतंय का बे? रामकिसनने थाप मारली. मी बेसूर निघालो. दोन वर्षं टांगून ठेवल्यावर आणखी काय निघणार? आश्रुबा म्हणाला, "रागावलाय त्यो." खरं बोलला. भिवराबाईच्या वाटणीचा राग माझ्या पोटात अजून आहे, आणि मी तो दर एकादशीला वाजवणार आहे.

मित्रांनो, मोबाइलवर जरूर लिहा. लांब असेल त्याला लिहा, अनोळखी असेल त्यालाही प्रेमाने लिहा. पण एवढंच मागणं आहे: तिथे जितके चांगले होता, तितके आपल्या उंबऱ्यावरही व्हा. तुमच्याही समोरच्या ओट्यावर कुणीतरी पिठाचे हात घेऊन बसलं असेल. त्याला लिहू नका. हाक मारा. शिवी घालून मारलीत तरी चालेल, पण तोंडाने मारा.